छोट्या एसयूव्हीचे ॲव्हरेज: इंदूरच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न इंदूर, मऊ, देवास आणि उज्जैन येथील मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा आले आहेत. एकच शंका निरनिराळ्या शब्दांत आली असेल तर ती एकत्र केली आहे, आणि दोन उत्तरांचा परस्परसंबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘छोटी एसयूव्ही’ म्हणजे येथे चार मीटरच्या आत लांबी असलेली आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेली गाडी. ही मर्यादा मुळात करआकारणीतून आलेली आहे. म्हणूनच बाजारातील अशा कितीतरी गाड्यांची लांबी बरोबर ३,९९५ मिलिमीटरवर येऊन थांबते.

१. गाडीचे खरे ॲव्हरेज घरच्या घरी कसे मोजायचे?

टाकी फुल करावी, किलोमीटरचा ट्रिप मीटर शून्यावर आणावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि टाकी निम्म्याहून खाली आल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने ती पुन्हा फुल करावी. नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून आपोआप बंद होईल तेथेच थांबावे. रक्कम राउंड फिगर करण्यासाठी पंपावरील मुलगा आणखी थोडे भरू पाहतो. त्याला नम्रपणे नाही म्हणावे. समजा ट्रिप मीटरवर ४१२ किलोमीटर आहेत आणि या वेळी ३१.६ लीटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज १३ आले.

मात्र एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. गाडी किंचित उतारावर उभी असली किंवा नोझल लवकर बंद झाला, तर लीटरभराचा फरक सहज पडतो, आणि तीस लीटरमध्ये एक लीटर म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. सलग चार टाक्यांचे किलोमीटर आणि लीटर यांची वेगवेगळी बेरीज करून भागाकार केल्यास आकडा विश्वासार्ह होतो. माझी वही गाडीच्या कप्प्यात असते आणि नोंद पंपावरच होते, कारण पंपाची पावती मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर राहिली की घरी पोहोचेपर्यंत वाचण्यासारखी राहत नाही.

२. गाडीच्या पडद्यावर १५.२ दिसते आणि वहीत १३.९ येते. खरे कोणते मानायचे?

वहीतील. पडद्यावरचा आकडा इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला यावरून संगणकाने काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो थोडा उदारपणे दिसतो. परंतु तो निरुपयोगी नाही. चूक साधारणपणे एकाच दिशेने होत असल्यामुळे आज आणि काल, हा रस्ता आणि तो रस्ता अशी तुलना करण्यासाठी पडदाच अधिक सोयीचा आहे.

३. कंपनी २० सांगते, आम्हाला १३ मिळते. ही फसवणूक नाही का?

नाही, पण त्या आकड्याचा अर्थ ग्राहकाला नीट सांगितला जात नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. जाहिरातीतील आकडा प्रमाणित चाचणीतून येतो आणि पुण्याची एआरएआय ही ती चाचणी करणारी सर्वांत परिचित संस्था आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ठरलेल्या आराखड्याप्रमाणे ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडी कमी, चालवली जाते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, वेग वाढवणे अगदी सौम्य असते, एसी बंद असतो, आणि समोर टेम्पो, गाय किंवा वरात यांपैकी काहीच येत नाही.

आपल्याकडे अनेकांचा समज असतो की हा आकडा पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर गाडी पळवून काढतात. तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा अंडाकृती ट्रॅक २०२१ साली सुरू झाला आणि तो वेगाच्या व टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. इंधनाचा अधिकृत आकडा मात्र रोलरवरचाच. त्या रोलरने चाकांना किती विरोध करायचा, हे सपाट मोकळ्या ट्रॅकवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, ती कशी मंदावत जाते ते मोजून ठरवतात. ट्रॅकचा संबंध येतो तो इतकाच.

हा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी वापरावा, महिन्याचा खर्च काढण्यासाठी नव्हे. खर्चासाठी माझा ठोकताळा असा, की शहरात अधिकृत आकड्याच्या एक तृतीयांश वजा करावे आणि महामार्गावर पाचवा हिस्सा.

४. शहरात इतके पेट्रोल जाते तरी कुठे?

चाकांपर्यंत पोहोचलेल्यातले सर्वाधिक जाते ते ब्रेकमध्ये. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण ब्रेक पेट्रोल पीत नाही. पण वेग मिळवण्यासाठी जाळलेले पेट्रोल ब्रेक दाबताच उष्णता होऊन चकत्यांतून उडून जाते. हिशेब सोपा आहे. माणसांसह १३०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवर असताना तिच्यात सुमारे १२५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असली, तरी शहरातील वापरात त्यातील जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणजे पन्नासच्या वेगावरून पूर्ण थांबून पुन्हा पन्नास गाठण्याचा खर्च सुमारे १५ मिलिलीटर, घरातले तीन छोटे चमचे. विजयनगरहून पलासियामार्गे राजवाड्याकडे जाताना असे बारा वेळा झाले, तर पावणेदोनशे मिलिलीटरच्या वर पेट्रोल निव्वळ थांबण्यात गेले.

दुसरा वाटा उभ्या गाडीचा. एसी बंद असताना अशा गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला अर्ध्या ते पाऊण लीटरच्या आसपास पेट्रोल लागते, आणि एसीबरोबर ते आणखी वाढते. त्या मिनिटांत किलोमीटर शून्य असतात, त्यामुळे ॲव्हरेजच्या भागाकारात वर काहीच पडत नाही आणि खाली मात्र भर पडत राहते. मेट्रोच्या कामामुळे रस्ता अरुंद झालेल्या भागात किंवा रात्री सराफ्याजवळ पार्किंग शोधताना नेमके हेच घडते.

यावर उपाय गाडीत कमी आणि नजरेत जास्त आहे. दोनशे मीटर पुढचा सिग्नल लाल दिसताच गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात त्या क्षणी इंधन जवळजवळ पूर्ण बंद होते (याच कारणाने न्यूट्रल तोट्याचे ठरते, प्रश्न ८ पाहावा). सिग्नलपर्यंत जोरात जाऊन तेथे करकचून ब्रेक मारणाऱ्याला आणि हळू सरकत येणाऱ्याला हिरवा दिवा एकाच वेळी मिळतो.

५. सिग्नलवर इंजिन बंद करावे का? पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल लागते असे वडील सांगतात.

वडिलांचे म्हणणे कार्बोरेटरच्या काळात काही अंशी खरे होते. आता गरम इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारे इंधन साधारण दहा सेकंद चालू ठेवण्याइतकेच असते. सिग्नलचा आकडा तीसच्या वर दिसत असेल तर बंद करावे. ज्या गाडीत स्टार्ट-स्टॉप, म्हणजे गाडी थांबताच इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, तिचे बटण दाबून ती सोय कायमची बंद ठेवण्याची सवय मला पटत नाही. अपवाद फक्त मे महिन्यातील दुपारचा, कारण तेव्हा केबिन तापते आणि बहुतेक गाड्या स्वतःच इंजिन पुन्हा सुरू करतात.

६. एसीमुळे किती फरक पडतो? काचा उघडल्या तर वाचते का?

ताशी साधारण ६० किलोमीटरपर्यंत काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते. त्यावरच्या वेगात आत घुसणारी हवा गाडीला मागे खेचते आणि एसी परवडतो. एसीचा भार वेळेवर अवलंबून असतो, अंतरावर नाही. त्यामुळे महामार्गावर तो फारसा जाणवत नाही, परंतु चाळीस अंशांच्या दुपारी तीन किलोमीटरच्या फेरीत चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक खर्च एसीच्या नावावर पडू शकतो. उन्हात उभी असलेली गाडी सुरू करण्यापूर्वी चारही दारे मिनिटभर उघडावीत, पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली ठेवून तापलेली हवा जाऊ द्यावी, आणि नंतर एसी आतल्या हवेवर लावावा.

७. भोपाळला जाताना ८० आणि १०० या वेगांत खरोखर फरक पडतो का?

बराच पडतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० वरून १०० केल्यास तो ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १२० केल्यास सव्वादोन पट होतो. एसयूव्ही हॅचबॅकपेक्षा उंच आणि समोरून रुंद असल्यामुळे तिला हा दंड अधिक बसतो. ज्या उंच बसण्यासाठी आपण ही गाडी घेतली त्याचीच ही किंमत आहे. इंदूर ते भोपाळ सुमारे १९० किलोमीटर आहे. सलग ८० ने गेल्यास २ तास २२ मिनिटे आणि १०० ने १ तास ५४ मिनिटे लागतात. अठ्ठावीस मिनिटांसाठी किती पेट्रोल द्यायचे, हे प्रत्येकाने आपल्या घाईप्रमाणे ठरवावे.

छतावरील कॅरिअर रिकामा असला तरी विरोध वाढवतो. लग्नाच्या सामानासाठी बसवलेला कॅरिअर पुढची तीन वर्षे तसाच ठेवू नये. डिकीतील वजनाचा परिणाम त्या मानाने कमी असतो: ४५ किलोमागे साधारण एक टक्का, तोही मुख्यतः शहरात.

८. पुण्याला जाताना ॲव्हरेज छान मिळते, परतताना घाटात कोसळते. इंजिनात दोष आहे का?

बहुधा नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर सोडले की गाडी निमाडात उतरते आणि खलघाटला नर्मदा ओलांडते, तेव्हा आपण जवळपास चारशे मीटर खाली आलेलो असतो. येताना हीच उंची चढावी लागते. सामान व माणसांसह १५०० किलोची गाडी चारशे मीटर वर नेण्यासाठी सुमारे ५.९ मेगाज्यूल काम करावे लागते, आणि प्रश्न ४ मधील हिशेबाने त्याची किंमत पाऊण लीटरच्या आसपास निघते. खलघाट ते इंदूर या थोड्या अंतरात पाऊण लीटर जादा म्हणजे पडद्यावरचा आकडा पडणारच. त्याआधी सेंधव्याजवळचा बिजासन घाट आहे, तेथे सातपुड्याचा वेगळा हिशेब होतो. जाणे आणि येणे मिळून एकच ॲव्हरेज काढावे.

उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय या रस्त्यावर आजही दिसते. ती धोक्याची आहे आणि खर्चाचीही. गिअरमध्ये पाय काढून उतरताना चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधन बंद राहते. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल घ्यावे लागते, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, आणि लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

९. ई-२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज घटले आहे. हा भ्रम आहे का?

भ्रम नाही, पण सगळा दोष ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, नसतो. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात त्यामुळे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी (दहा टक्के मिश्रण) जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत ६ ते ७ टक्के घट गृहीत धरली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के आणि इतरांना ३ ते ६ टक्के अशी घट सांगितली. इथेनॉलचे ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता) जास्त असते, आणि ज्या इंजिनाची जुळणी त्याचा फायदा घेते त्याचा तोटा कमी होतो.

१४ चे ॲव्हरेज असलेल्या गाडीला सात टक्के म्हणजे एक किलोमीटर. १४ चे १३ झाले असेल तर इंधनाकडे बोट दाखवता येईल; १४ चे १० झाले असेल तर प्रश्न १३ वाचावा. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीसाठी रबरी नळ्या आणि सील यांविषयी पुस्तिकेत काय लिहिले आहे तेही पाहावे, पण तो विषय ॲव्हरेजचा नाही.

१०. महिन्याला हजार किलोमीटर होतात. पेट्रोल, टर्बो, डिझेल की सीएनजी?

साधे पेट्रोल इंजिन चालकाच्या चुका सर्वाधिक पोटात घालते. एक लीटर किंवा बाराशे सीसीचे टर्बो हलक्या पायाने चालवले तर उत्तम आकडा देते. परंतु वारंवार जोर मागितला की तापमान आवरण्यासाठी ते जादा इंधन ओतते. म्हणूनच टर्बो गाड्यांच्या दोन मालकांच्या आकड्यांत इतकी तफावत दिसते.

डिझेल लांबच्या प्रवासात आजही काटकसरी आहे. मात्र बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाडीमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ करण्यासाठी गाडी मधूनमधून जादा डिझेल जाळून त्याला तापवते. रोज फक्त शहरातील चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि ॲव्हरेज विनाकारण खाली येते. महिन्याला हजार किलोमीटर आणि तेही पलासिया ते सुखलिया असतील, तर डिझेल घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सीएनजीचा आकडा किलोमागे असतो. एक किलो सीएनजीमधील ऊर्जा सुमारे दीड लीटर पेट्रोलइतकी असते, त्यामुळे ‘सीएनजीवर २५ देते’ आणि ‘पेट्रोलवर १७ देते’ या जवळपास सारख्याच कार्यक्षमता आहेत. बचत होते ती दरातील फरकामुळे. शिवाय कित्येक गाड्या सुरुवातीला पेट्रोलवर चालून मग गॅसवर जातात, म्हणून छोट्या फेऱ्यांत पेट्रोलही लागते.

११. शहरात १० आणि महामार्गावर २० मिळते, म्हणजे सरासरी १५ ना?

अंतर सारखे असेल तर नाही. शंभर किलोमीटर शहरात १० लीटर लागले, शंभर किलोमीटर महामार्गावर ५ लीटर. दोनशे किलोमीटरला १५ लीटर, म्हणजे १३.३. सरासरी नेहमी लीटरवरून काढावी.

याच कारणाने ॲव्हरेजमधील वाढही फसवी असते. महिन्याच्या हजार किलोमीटरला १० ची गाडी १२ वर आली तर १०० लीटरऐवजी ८३ लागतात. २० ची २५ वर आली तर ५० ऐवजी ४०. वाढ दुसरीकडे मोठी दिसते, पण पैसे पहिलीकडे अधिक वाचतात. ज्या घरात दोन गाड्या आहेत त्यांनी आधी पिणाऱ्या गाडीकडे लक्ष द्यावे.

१२. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरली तर ॲव्हरेज वाढते का? नायट्रोजनचे काय?

हवा कमी असली तर ॲव्हरेज घटते, पण लोक समजतात तितके नाही: चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाल्यास साधारण ०.२ टक्के. सहा पीएसआय कमी म्हणजे सव्वा टक्का. नियमित हवा तपासण्याचे खरे कारण टायरचे आयुष्य आणि ब्रेक हे आहे. दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवावा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी, कारण तापमान पाच-सहा अंशांनी बदलले की दाब एका पीएसआयने बदलतो. दाब सारखा असेल तर टायरला आत साधी हवा आहे की नायट्रोजन, हे कळत नाही.

एक चकवा येथे सांगितला पाहिजे. मोठ्या व्यासाचे टायर बसवल्यावर ॲव्हरेज पडल्याचे अनेकजण कळवतात. टायरचा घेर तीन टक्के वाढला तर गाडी १०३ किलोमीटर धावते आणि मीटर १०० दाखवते, म्हणून घसरणीचा तेवढा भाग केवळ कागदावरचा असतो. उरलेला भाग जड चाकांचा आणि रुंद रबराचा, तो मात्र खरा.

१३. दोन महिन्यांत ॲव्हरेज एकदम एक तृतीयांशाने घटले. काय तपासावे?

पहिल्यांदा वापर बदलला आहे का ते पाहावे: मुलाचा नवा क्लास, रस्त्याचे वळण, गाडी घरात दुसरे कोणी चालवते आहे का. वापर तोच असेल तर एअर फिल्टरच्या मागे लागू नये. आजच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप जातो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. ऑक्सिजन सेन्सर बिघडणे, थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) उघडा अडकल्यामुळे इंजिन कायम थंड राहणे आणि ब्रेक घासत राहणे, ही तीन मोठी कारणे आहेत. इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्यावा. तापमानाचा काटा वीस मिनिटांनंतरही खाली असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा.

ब्रेकची परीक्षा फुकट होते. एका सर्व्हिसिंगनंतर माझ्या गाडीचे ॲव्हरेज दोन किलोमीटरने घटले आणि गॅरेजमध्ये ‘ई-२० आहे साहेब’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी सुपर कॉरिडॉरवरून ब्रेक न लावता आल्यावर गाडी उभी केली आणि चारही चाकांजवळ हात धरला. तीन कोमट होती. डाव्या मागच्या चाकाजवळ हात ठेववेना. हँडब्रेकची केबल ओढून बसवलेली होती. दुसऱ्या मेकॅनिकने ती पाच मिनिटांत सैल केली. चाकाला प्रत्यक्ष हात लावू नये, जवळ धरला तरी कळते.

१४. पंपावर कमी पेट्रोल देतात अशी शंका येते. काय करावे?

प्रत्येक पंपावर पाच लीटरचे प्रमाणित माप असते आणि ते भरून दाखवण्याची मागणी ग्राहक करू शकतो. पाच लीटरमागे २५ मिलिलीटरपर्यंत फरक ग्राह्य असतो, म्हणजे अर्धा टक्का. सुरुवातीला मीटरवर शून्य पाहावे आणि पंपावरील मुलाशी बोलण्यात गुंतू नये. ॲव्हरेजमध्ये दहा-पंधरा टक्के फरक पडत असेल तर मात्र पंप बदलून दोन टाक्या पाहणे हा सरळ मार्ग आहे.

१५. महागडे पेट्रोल, टाकीत टाकायचे औषध किंवा नळीला लावायचे चुंबक यांनी फायदा होतो का?

ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत ९१ ऑक्टेन पुरेसे आहे असे लिहिले आहे त्याला अधिक ऑक्टेनचा ॲव्हरेजसाठी उपयोग नाही. चुंबकाचा कोणालाच नाही.

१६. सासऱ्यांची गाडी तीच, इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. त्यांना १६ मिळते, आम्हाला १२. आमच्याच गाडीत काहीतरी आहे ना?

असू शकते, पण पडताळणी न करता सर्व्हिस सेंटरला जाऊ नये. सासरे निवृत्त असतील तर सकाळी दहानंतर रिंग रोडने बँकेत जातात; आपण नऊ वाजता विजयनगरच्या चौकात असता. इंजिन गरम व्हायला काही किलोमीटर लागतात आणि तोपर्यंत ते जास्त इंधन घेते, म्हणून दोन-दोन किलोमीटरच्या पाच फेऱ्या आणि दहा किलोमीटरची एक फेरी यांचा खर्च एक नसतो. दोन्ही घरांनी एका फुल टाकीपुरत्या चाव्या बदलाव्यात आणि प्रश्न १ प्रमाणे नोंद ठेवावी. सासऱ्यांच्या हातात आपल्या गाडीने १६ दिले तर गाडी निर्दोष आहे. तिने त्यांनाही १२ च दिले, तर प्रश्न १३ पासून सुरुवात करावी, आणि आधी चाकांजवळ हात धरून पाहावा.